आलापल्लीतून सायबर सुरक्षेची पदव्युत्तर पदवी

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अहेरी तालुक्यात वसलेले आलापल्ली हे गाव सागवानासाठी, वनविभागाच्या जुन्या कार्यालयांसाठी आणि 'वनवैभव' या नावाने राखलेल्या, पुढे जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळालेल्या वनखंडासाठी ओळखले जाते. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा आणि आष्टीकडे जाणारे रस्ते येथे एकत्र येतात, त्यामुळे लोकसंख्येच्या मानाने गावाचे महत्त्व मोठे आहे. परंतु उच्च शिक्षणाच्या नकाशावर ते दीर्घकाळ काठावरच राहिले. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी महाविद्यालये नागपूर विद्यापीठालाच जोडलेली होती, आणि या दोन जिल्ह्यांसाठी स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठ स्थापन व्हायला २०११ साल उजाडले. जिल्ह्याचे ठिकाणही आलापल्लीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असल्याने, सायबर सुरक्षेसारख्या विशेष विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर नागपूर, पुणे किंवा हैदराबाद गाठणे आणि तेथे दोन वर्षे खोली करून राहणे, एवढाच मार्ग पदवीधरासमोर होता. ऑनलाइन पदवीने हा खर्च टळतो. मात्र त्याच्या जागी जे नवे खर्च आणि नव्या अटी येतात, त्यांची चर्चा माहितीपत्रकांत सहसा आढळत नाही.

पहिली अट कायद्याची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे मुक्त व दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांविषयीचे विनियम सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी ही वर्गात बसून मिळवलेल्या त्याच स्तरावरील पदवीशी समकक्ष मानली जाते. २०२२ साली आयोगाने हे पुन्हा स्पष्ट केले, आणि एकाच वेळी दोन पदव्या करण्याची मुभाही त्याच वर्षी दिली, म्हणजे एखादा विद्यार्थी महाविद्यालयात एक अभ्यासक्रम करीत असताना दुसरा ऑनलाइन करू शकतो. परंतु समकक्षतेला मर्यादा आहे. अभियांत्रिकी ही दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीसाठी निषिद्ध असलेल्या शाखांपैकी एक असल्यामुळे 'सायबर सुरक्षेत ऑनलाइन एम.टेक.' अशी जाहिरात दिसली, तर ती देणारी संस्था कोणती आणि तिला तो अधिकार कोठून मिळाला, हे आधी तपासावे लागते, एम.एस्सी. किंवा एम.सी.ए. या नावाने मिळणारी पदवी तुलनेने सुरक्षित वाटेवर असते. हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगीवाचून दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर गदा आणली, तेव्हा त्या पदवीच्या आधारे नोकरीत बढती मिळवलेल्यांनाही त्याची झळ बसली. म्हणून आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर संस्था, अभ्यासक्रम आणि प्रवेशवर्ष या तिन्ही गोष्टी एकत्र जुळतात का, हे पाहिल्याशिवाय शुल्क भरू नये. संस्थेला मान्यता आहे एवढे उत्तर पुरेसे नसते, कारण मान्यता अभ्यासक्रमागणिक दिली जाते.

उपलब्ध पर्यायांची जातकुळी एकसारखी नाही. आयआयटी कानपूरने २०२२ साली नोकरदारांसाठी गेट परीक्षेशिवाय प्रवेश देणारी 'ई-मास्टर्स' ही पदवी सुरू केली आणि तिच्या पहिल्या विषयांतच सायबर सुरक्षेचा समावेश होता. त्या संस्थेत वीज, पाणी यांसारख्या अत्यावश्यक सेवांच्या संगणकीय संरक्षणावर काम करणारे स्वतंत्र केंद्र असल्याने या निवडीमागे आधार होता. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठाने २०१४ साली संगणकशास्त्राची अल्पखर्चातील ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुरू करून जगभर चर्चा घडवली आणि २०१९ साली त्याच धर्तीवर सायबर सुरक्षेची पदवी दहा हजार डॉलरच्या आत आणली. अमेरिकी शुल्कांच्या मानाने ही रक्कम स्वस्त असली, तरी आलापल्लीतील शिक्षकाच्या किंवा वनरक्षकाच्या घराला ती स्वस्त नाही, शिवाय परदेशी ऑनलाइन पदवीला भारतातील सरकारी नोकरीसाठी समकक्षता मिळेल की नाही, ही खात्री वेगळी करून घ्यावी लागते. इग्नूची माहिती सुरक्षेतील पदव्युत्तर पदविका ही पदवी नव्हे. पण कमी खर्चात विषयाची चाचपणी करण्यासाठी ती उपयोगी आहे, आणि 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या मंचावर आयआयटी खरगपूरच्या अध्यापकांचे कूटशास्त्र आणि 'एथिकल हॅकिंग' यांवरील वर्ग तर विनाशुल्क पाहता येतात. ज्याला पहिल्या आठ आठवड्यांत कूटशास्त्राच्या गणिताने घाम फोडला नाही, त्याने मोठे शुल्क भरण्याचा विचार करावा, हा क्रम व्यवहार्य दिसतो.

हे गणित अनेकांना अनपेक्षित असते. सायबर सुरक्षा म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे पळवणे, अशी समजूत चित्रपटांनी करून दिली असली, तरी पहिल्या सत्रात विद्यार्थ्याची गाठ पडते ती मूळ संख्या, भागाकाराची बाकी आणि संभाव्यता यांच्याशी. १९७७ साली रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी मांडलेली, त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून 'आरएसए' म्हटली जाणारी पद्धत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे अतिशय अवघड, या विषमतेवर उभी आहे. आणि तिच्यातील आकडेमोड घड्याळाच्या तबकडीप्रमाणे ठराविक संख्येनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होते. वाणिज्य किंवा जीवशास्त्र शाखेतून आलेल्या पदवीधराला यासाठी दोन-तीन महिन्यांची पूर्वतयारी लागते, आणि ती प्रवेशापूर्वी केलेली बरी.

गणिताइतकाच महत्त्वाचा दुसरा पाया म्हणजे सुरक्षेची त्रिसूत्री: गोपनीयता, म्हणजे माहिती अनधिकृत व्यक्तीच्या हाती न पडणे, अखंडता, म्हणजे ती कोणी गुपचूप बदललेली नसणे, आणि उपलब्धता, म्हणजे हवी तेव्हा ती मिळणे. शहरातील विद्यार्थी पहिल्या दोन सूत्रांत रमतो आणि तिसरे गृहीत धरतो. अहेरी परिसराला मात्र उपलब्धतेचा इतिहास जुना आहे. २९ एप्रिल १८५८ रोजी, ब्रिटिशांविरुद्ध उठाव करणारे गोंड नेते बाबुराव शेडमाके यांच्या सहकाऱ्यांनी प्राणहितेकाठी चिंचगुडी येथील ब्रिटिशांच्या तार खात्याच्या तळावर हल्ला केला, त्यात दोन तार कर्मचारी ठार झाले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सत्तेचे बळ संदेशवहनावर टिकून असते, हे त्या उठावाने नेमके हेरले होते. आजच्या परिभाषेत तो पायाभूत सुविधेच्या उपलब्धतेवरचा आघात ठरतो, आणि पुढे याच जंगलपट्ट्यात माओवाद्यांनी मोबाइल मनोरे जाळल्याच्या घटना त्याच सूत्राखाली अभ्यासता येतात, जरी दोन्हींचे राजकारण एका मापाने मोजणे चुकीचे ठरेल. रस्ता रुंदीकरणाच्या कामात जेसीबीच्या दात्याने जमिनीखालची ऑप्टिकल फायबर केबल तुटते, तेव्हाही परिणाम तोच होतो: बँक, तहसील आणि विद्यार्थी एकाच वेळी 'नेट गेले' म्हणून थांबतात.

अखंडता हे सूत्र समजण्यासाठी हॅश या कल्पनेपाशी थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे, कारण येथे गणित आणि कायदा एकमेकांना भेटतात. हॅश म्हणजे कोणत्याही लांबीच्या माहितीपासून ठराविक लांबीचा ठसा काढणारी क्रिया. 'एसएचए-२५६' या प्रचलित पद्धतीत एका ओळीची टिपणी असो वा संपूर्ण मोबाइलची स्मृती असो, ठसा २५६ बिटांचाच, म्हणजे ६४ चिन्हांचाच निघतो, आणि मूळ माहितीतील एक अक्षर जरी बदलले तरी ठशातील सुमारे निम्मे बिट उलटतात. एखाद्या सागवान तस्करीच्या प्रकरणात आरोपीचा मोबाइल जप्त झाला, तर तपासयंत्रणा त्याच्या स्मृतीची हुबेहूब प्रत काढते, मूळ आणि प्रत या दोहोंचे ठसे जुळवते आणि पुढील सारी तपासणी प्रतीवर करते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्रात हा हॅश नोंदवण्यासाठी रकानाच ठेवलेला आहे. न्यायवैद्यक संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी हे प्रमाणपत्र भरायला शिकतो, आणि ठसा चुकीच्या क्षणी, म्हणजे फोन पुन्हा चालू करून पाहिल्यानंतर घेतला, तर बचाव पक्षाचा वकील काय विचारील, हेही शिकतो. ज्या भागात वनगुन्हे हाच न्यायालयीन कामाचा मोठा हिस्सा आहे, तेथे या एका प्रकरणाचे मोल पाठ्यपुस्तकातील पानांपेक्षा जास्त आहे.

यानंतर प्रश्न येतो प्रयोगशाळेचा, आणि आलापल्लीतील विद्यार्थ्याच्या दृष्टीने खरी कसोटी येथेच लागते. सायबर सुरक्षेच्या प्रात्यक्षिकांसाठी विद्यार्थी आपल्या संगणकात 'आभासी यंत्रे' चालवतो. आभासी यंत्र म्हणजे एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, ज्यावर हल्ला करून पाहिला तरी खऱ्या यंत्राला इजा होत नाही. यासाठी वापरली जाणारी 'काली लिनक्स' ही प्रणाली उतरवून घ्यायची तर साधारण चार जीबी डेटा लागतो. दहा एमबीपीएस वेगाच्या जोडणीवर हे काम तासाच्या आत होते. टुजीच्या शंभर केबीपीएस वेगाला त्याच कामासाठी सुमारे ८९ तास अखंड जोडणी हवी, आणि ती तुटली की बहुधा पुन्हा पहिल्यापासून आरंभ. दिवसाला दीड जीबी देणाऱ्या मोबाइल योजनेवर वेग चांगला असला, तरी तीन दिवसांचा वाटा या एका फाइलवर खर्ची पडतो. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नक्षलप्रभावित भागांतील २,३४३ टुजी मनोरे फोरजीवर नेण्यास मंजुरी दिली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांसाठी स्टारलिंक या उपग्रह सेवेशी इरादापत्र केले. जमिनीपासून काहीशे किलोमीटरवरून फिरणारे हे उपग्रह सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या जुन्या भूस्थिर उपग्रहांइतका विलंब लावत नाहीत, हे खरे. तरीही इरादापत्र हे इरादापत्रच असते, आणि प्रवेश घेणाऱ्याने आजच्या जोडणीवर हिशेब मांडावा.

सुदैवाने या शास्त्राची जुनी हत्यारे कमी डेटावर चालणारी आहेत. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरणारा हल्ला झाला, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी 'एसएसएच' ही पद्धत लिहिली. तिच्यात चित्रे नाहीत, केवळ अक्षरे जातात. एक कळ दाबली की साधारण शंभर बाइटच्या आसपासचे, कूटबद्ध केलेले पुडके पलीकडे पोहोचते आणि उमटलेले अक्षर परत येते. विद्यापीठाची प्रयोगशाळा दूरच्या सर्व्हरवर असेल आणि ती अशा अक्षररूप खिडकीतून उघडत असेल, तर कमजोर रेंजवरही काम होते. तीच प्रयोगशाळा पूर्ण चित्रमय पडदा पाठवत असेल, तर माउसची खूण हलायलाही क्षण क्षण थांबावे लागते. जोडणी तुटली तरी सर्व्हरवर चाललेले काम जिवंत ठेवणारी 'टीमक्स' ही आज्ञावली, आणि नेट गेल्यावर पुन्हा आले की आपोआप जुळणारी, टंकलेले अक्षर उत्तराची वाट न पाहता पडद्यावर दाखवणारी, २०१२ साली एमआयटीत मांडलेली 'मॉश' ही पद्धत, या दोन्ही विनामूल्य आहेत. मात्र त्या सर्व्हरवर बसवलेल्या असाव्या लागतात. तेव्हा प्रवेशाच्या चौकशीत संस्थेचे मानांकन विचारण्याआधी तिची प्रयोगशाळा कशी उघडते, व्याख्याने उतरवून ठेवता येतात का आणि परीक्षा कोठे होते, हे तीन प्रश्न विचारावेत. नामांकित संस्था या तिन्हींत नापास आणि साधी संस्था उत्तीर्ण, असेही घडू शकते.

परीक्षेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. घरबसल्या परीक्षेत कॅमेऱ्याद्वारे पाळत ठेवली जाते आणि जोडणी खंडित झाली की यंत्रणा तो संशयास्पद प्रकार म्हणून नोंदवू शकते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, वादळात झाडे पडून वीज जाते आणि मनोऱ्याची बॅटरी उतरली की रेंजही जाते. या काळातील परीक्षा विद्यार्थ्याच्या ज्ञानाइतकीच महावितरणची परीक्षा घेते. उन्हाळी सत्राची अडचण निराळी. एप्रिल-मे हा तेंदूपत्ता संकलनाचा हंगाम असतो, त्याआधी मोहफुले वेचण्याचे दिवस असतात, आणि ज्या घरांचे वर्षाचे रोख उत्पन्न या दोन हंगामांवर बेतलेले असते, तेथील पदवीधर पहाटे जंगलात आणि रात्री व्याख्यानात, असा दिवस काढतो. विद्यापीठांची वेळापत्रके आखणाऱ्यांच्या ध्यानी हे येणे कठीणच. परीक्षा केंद्र चंद्रपूर किंवा नागपूर येथे असेल तर प्रवास पडतो. पण अशा विद्यार्थ्यासाठी तो प्रवासच अनेकदा अधिक भरवशाचा ठरतो.

शिकलेले ज्ञान कोठे लागू पडते, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातील एक प्रकरण पुरेसे बोलके आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, हल्ला झाला. एटीएमवरची मागणी बँकेच्या मुख्य प्रणालीकडे नेणारा आणि मंजुरी परत आणणारा दुवा म्हणजे 'स्विच'. हल्लेखोरांनी त्याच्या जागी आपला बनावट दुवा उभा केला, त्यामुळे खात्यात पैसे आहेत का हे बँकेला न विचारताच मागण्या मंजूर होत गेल्या. अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांद्वारे पैसे निघाले, सोमवारी, १३ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून सुमारे १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले, आणि एकूण नुकसान ९४ कोटींच्या घरात गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. या प्रकरणात खातेदारांचा पासवर्ड कोणी विचारला नव्हता, ओटीपी कोणी सांगितला नव्हता. 'सावध राहा' एवढ्या सल्ल्याने ज्यांचे निवारण होत नाही अशा हल्ल्यांसाठीच प्रशिक्षित माणसे लागतात, हे त्यातून दिसते.

जंगलपट्ट्यातील धोके आकाराने लहान, पण लोकांच्या अधिक जवळ आहेत. ग्रामसभांनी विकलेल्या तेंदूपत्त्याची मजुरी खात्यात जमा होते, बँकेची शाखा दूर असते, म्हणून बँकमित्राकडच्या यंत्रावर आधार क्रमांक देऊन अंगठा टेकवला की रक्कम हातात पडते. देशाच्या काही भागांत नोंदणी कार्यालयांतील दस्तांवरून अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे साचे करून या व्यवस्थेतून पैसे काढल्याची प्रकरणे उघडकीस आली, आणि २०२३ साली आधार प्राधिकरणाने टेकवलेले बोट जिवंत आहे की साचा, हे ओळखणारी संगणकीय तपासणी लागू केली. पासवर्ड चोरीस गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही, म्हणून या व्यवस्थेचा आराखडा तपासणे हा पदव्युत्तर प्रबंधाला शोभेल असा विषय आहे. आधारची जैविक ओळख ज्याला नको असेल त्याला ती कुलूपबंद करता येते, ही सोयही आहे. पण ती वापरायची तर आधी ती ठाऊक असायला हवी. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी प्रश्न पुन्हा वेगळे होतात: तेथे झडपा आणि कोळशाच्या चक्क्या चालवणारे नियंत्रक संगणक हवे तेव्हा बंद करता येत नाहीत, त्यामुळे कार्यालयीन संगणकाला दर महिन्याला मिळणारी दुरुस्ती त्यांना सहजी देता येत नाही, आणि संरक्षण बाहेरून, जाळ्यांचे विभाग पाडून उभारावे लागते.

नोकरीच्या बाजूने पाहता, या पदवीधरांची पहिली जागा बहुधा सुरक्षा निरीक्षण केंद्रात असते, जेथे चोवीस तास पाळ्यांमध्ये संस्थेच्या जाळ्यातील नोंदी पाहिल्या जातात. 'सर्ट-इन' या राष्ट्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठराविक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाल्यापासून अशा कामाची गरज लहान संस्थांनाही भासू लागली. काम दूरस्थ करता येते, पण सहा तासांची मुदत आणि तुटणारी जोडणी यांचा मेळ बसत नाही, म्हणून आलापल्लीत राहून ही नोकरी करू पाहणाऱ्याला दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या आणि बॅटरीवर चालणारा बॅकअप ठेवावाच लागतो.

एक इशारा अभ्यासक्रमाच्या पहिल्याच आठवड्यात द्यायला हवा, आणि तो अनेकदा शेवटच्या पानावर दिला जातो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरणे बेकायदा आहे, आणि कलम ६६ नुसार ते अप्रामाणिक हेतूने केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शेजारच्या सेवा केंद्राचा वायफाय 'सरावासाठी' फोडून पाहणारा विद्यार्थी या कलमांच्या अगदी जवळ उभा असतो. शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी त्याच सेवा केंद्राच्या चालकाकडे जाऊन, कोणते संगणक, कोणत्या तारखा, कोणत्या चाचण्या आणि सापडलेल्या त्रुटी कोणाला कळवायच्या, हे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, की तीच चाचणी रीतसर सुरक्षा तपासणी होते. असे एक पानी संमतिपत्र मराठीत कसे लिहावे, हे बहुतेक ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या इंग्रजी साहित्यात सापडत नाही, त्यामुळे ते विद्यार्थ्याला स्वतःच तयार करावे लागते, आणि चालकाने त्यातील प्रत्येक ओळ समजून घेऊन सही केली आहे, याची खातरजमाही त्यालाच करावी लागते.